५ हजारांचा एअर फिल्टर: फायदा गाडीचा, की फक्त विकणाऱ्याचा?



आजचा विषय गाडीचा आहे, पण हिशेब धंद्याचा आहे.

गाडीत कंपनीने दिलेला साधा कागदी एअर फिल्टर असतो. तो काढून बाजारातला ‘परफॉर्मन्स’ फिल्टर बसवायचा का? म्हणजे तेल लावलेला, धुऊन पुन्हा वापरता येणारा कापडी फिल्टर. “पिकअप वाढतो, ॲव्हरेज वाढतं, आयुष्यभर बदलायची गरज नाही,” अशी तीन वाक्यं सांगून तो विकला जातो.

माझं मत आधीच सांगतो. रोजच्या गाडीला त्याची गरज नाही. आणि गाडी धंद्याची असेल, तर नकोच. का, ते टप्प्याटप्प्याने बघू.

हे आत्ता बोलायचं कारण आहे. २०२७ चा सिंहस्थ डोळ्यासमोर ठेवून तुमच्यापैकी काहीजण टूरिस्ट गाडी घ्यायच्या किंवा जुनी गाडी तयार करायच्या विचारात असाल. अशा वेळी गाडीवर होणारा प्रत्येक खर्च ‘गुंतवणूक’ म्हणून गळ्यात मारला जातो. गुंतवणूक आणि हौस यांतला फरक ओळखता आला पाहिजे.

१. इंजिनाला खरंच हवा कमी पडते का?

एक लिटर पेट्रोल जाळायला साधारण ९ हजार लिटर हवा लागते. आकडा ऐकला की वाटतं, एवढी हवा त्या छोट्याशा कागदातून कशी जाणार? जाते. कारण तो कागद घड्या घालून बसवलेला असतो. उलगडला तर चांगला लांब-रुंद होतो. गाडी डिझाइन करणाऱ्याने इंजिनाची जास्तीत जास्त गरज धरूनच त्याचं माप ठरवलेलं असतं.

आता पेट्रोल गाडी घ्या. कॉलेज रोडवर किंवा द्वारकेच्या ट्रॅफिकमध्ये तुमचा पाय ॲक्सिलरेटरवर किती असतो? पाव, फार तर अर्धा. अशा वेळी हवा अडवण्याचं काम फिल्टर नाही, थ्रॉटलची पाकळी करत असते. ती मुद्दामच अडवते, कारण तुम्हाला तेवढीच ताकद हवी असते. पाकळी अर्धी बंद असताना मागचा फिल्टर कितीही मोकळा केला तरी काय उपयोग? टाकीचा नळ अर्धा बंद आहे आणि आपण टाकीला मोठा पाइप जोडतोय, असा हा प्रकार.

डिझेलचं वेगळं आहे. पण तिथेही इंधन किती सोडायचं हे ईसीयू, म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर ठरवतो. नाशिककरांना हे सांगायला नको. मायको सर्कल ज्या कारखान्याच्या जुन्या नावाने ओळखलं जातं, त्या आजच्या बॉशच्या सातपूरच्या कारखान्यात डिझेल इंजिनाचे इंजेक्टर आणि नोझलच बनतात. मोजून इंधन सोडणं हेच त्यांचं काम. नुसती हवा थोडी वाढली आणि इंधनाचं माप तेच राहिलं, तर ताकद वाढणार कुठून?

२. मुंबई-नाशिकचं गणित

हे गणित मला फार आवडतं, कारण ते आपल्या गावाचं आहे.

नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटरवर आहे. त्यामुळे इथली हवा मुंबईपेक्षा ५ ते ६ टक्के विरळ आहे. म्हणजे टर्बो नसलेली तुमची पेट्रोल गाडी कसारा घाट चढून नाशिकला आली, की पूर्ण जोरावर तिची ताकद जवळपास तेवढीच कमी होते.

तुम्हाला कधी जाणवलं का? “नाशिकला आलो आणि गाडी मरगळली,” असं कोणी म्हणतं का? नाही.

आता फिल्टर बघा. नवा, स्वच्छ कागदी फिल्टर पूर्ण जोरावर हवेचा दाब साधारण एखाद-दोन टक्क्यांनी कमी करतो. म्हणजे फिल्टर काढून फेकून दिला तरी मिळकत एवढीच. दुसरा फिल्टर लावून यातला थोडासाच भाग मिळणार. जो फरक तीन-चार पट मोठा असूनही आपल्याला कळत नाही, त्याच्या एका तुकड्यासाठी आपण ५ हजार मोजतोय.

३. “पण सर, मला फरक जाणवला!”

जाणवला असेल. खोटं बोलताय असं मी म्हणत नाही. पण त्याची कारणं बघा.

पहिलं, जुना फिल्टर धुळीने गच्च भरलेला होता. अमेरिकेतल्या ओक रिज नॅशनल लॅबोरेटरीने २००९ मध्ये याची चाचणी केली. आधुनिक फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांमध्ये चोंदलेला फिल्टर बदलून ॲव्हरेजमध्ये लक्षणीय फरक पडला नाही. वेग पकडायला लागणारा वेळ मात्र ६ ते ११ टक्क्यांनी सुधारला. म्हणजे पिकअप खरंच वाढतो, पण तो चोंदलेला फिल्टर निघाल्यामुळे. ५०० रुपयांच्या नव्या कागदी फिल्टरनेही तो वाढला असता. (जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीत ॲव्हरेजलाही २ ते ६ टक्के फायदा दिसला होता. तशी गाडी आज किती जणांकडे आहे?)

दुसरं, आवाज. मोकळा फिल्टर लावला की हवा ओढण्याचा आवाज वाढतो. आवाज वाढला की आपल्याला गाडी जोरात पळाल्यासारखी वाटते.

तिसरं, खर्च केल्यावर आपण ॲव्हरेज मोजायला लागतो आणि मोजायला लागलो की गाडी जपून चालवतो. ॲव्हरेज आपल्या पायाने वाढवलेलं असतं, श्रेय फिल्टरला मिळतं.

४. फिल्टरचं पहिलं काम विसरू नका

एअर फिल्टर हवा देण्यासाठी नसतो. हवा तर तो नसतानाही जाते. तो धूळ अडवण्यासाठी असतो.

समजा एक फिल्टर ९९ टक्के धूळ अडवतो आणि दुसरा ९७ टक्के. ऐकायला फरक दोनच टक्क्यांचा. पण इंजिनाच्या बाजूने बघा. १०० ग्रॅम धूळ आली तर पहिल्यातून १ ग्रॅम आत जाते, दुसऱ्यातून ३ ग्रॅम. सरळ तिप्पट! ही बारीक धूळ सिलिंडर आणि पिस्टन रिंग घासते, टर्बोच्या पात्यांना मारते. परिणाम आज दिसत नाही. काही वर्षांनी इंजिन ऑइल पिऊ लागलं की दिसतो.

म्हणून कोणताही फिल्टर घेताना ‘किती हवा देतो’ याआधी ‘किती धूळ अडवतो’ हे विचारा. आयएसओ ५०११ नावाची चाचणी यासाठीच आहे. तो आकडा विकणाऱ्याकडे नसेल, तर नुसत्या हॉर्सपॉवरच्या गप्पांवर विश्वास ठेवू नका.

आणि आपली धूळ बघा. सारूळचा खडी-क्रशरचा पट्टा, द्राक्षाच्या हंगामात निफाड-पिंपळगावचे शेतरस्ते, सगळीकडे सुरू असलेली खोदकामं. केअँडएनसारखी नामांकित कंपनी सांगते की चांगल्या हायवेवर ८० हजार किलोमीटरपर्यंत फिल्टर धुवायची गरज नाही. पण धुळीत तो लवकर धुवावा लागतो, हेही तीच कंपनी सांगते. आपल्याला पहिलं वाक्य ऐकवलं जातं, दुसरं राहून जातं.

धुतल्यावर तेल लावायचं असतं. कमी लागलं तर धूळ आत जाते. जास्त लागलं तर ते हवा मोजणाऱ्या सेन्सरवर बसू शकतं आणि मग चेक इंजिनचा दिवा लागतो. बीएस-६ गाडीत असल्या भानगडी स्वस्तात सुटत नाहीत. शिवाय वॉरंटीच्या काळात बाहेरचा पार्ट लावायच्या आधी वॉरंटीच्या अटी वाचा.

५. आता पैशाचा हिशेब

आकडे समजण्यासाठी धरतोय. तुमच्या गाडीचे तुम्ही टाका.

- परफॉर्मन्स फिल्टर ५,००० + धुण्याचा किट १,५०० = ६,५०० रुपये
- कागदी फिल्टर ५०० रुपये, दर २० हजार किलोमीटरला बदल

घरची गाडी: वर्षाला १२ हजार किलोमीटर. कागदी फिल्टरचा खर्च वर्षाला ३०० रुपये. ६,५०० वसूल व्हायला २१ वर्षांहून जास्त. तोपर्यंत गाडी राहील का तुमच्याकडे?

टूरिस्ट गाडी: वर्षाला ६० हजार किलोमीटर. खर्च वर्षाला १,५०० रुपये. सव्वाचार वर्षांत पैसे वसूल. इथे जरा विचार करावासा वाटतो, बरोबर? पण थांबा. धुतलेला फिल्टर पूर्ण वाळल्याशिवाय लावता येत नाही, आणि हेअर ड्रायरने घाई करायची नाही. तोपर्यंत गाडी उभी. धुळीमुळे वर्षातून तीनदा धुतला आणि प्रत्येक वेळी शिर्डीची एक फेरी गेली, तर वाचवलेल्या १,५०० पेक्षा बुडालेलं भाडं कितीतरी जास्त. “मग तेवढ्यापुरता कागदी लावतो,” म्हणाल, तर तो विकत घ्यावाच लागला ना?

६. मग हा फिल्टर कोणाला योग्य?

तो सगळ्यांसाठीच वाईट असं मी म्हणणार नाही. रॅलीच्या किंवा रेसच्या गाडीत इंजिनाचं ट्यूनिंग बदललेलं असतं, हवेची गरज वाढलेली असते, आणि स्पर्धेनंतर गाडी उघडून साफ करणारा मेकॅनिक सोबत असतो. तिथे त्याला जागा आहे. किंवा तुम्हाला गाडीची हौस आहे, तो आवाज आवडतो, स्वतः वेळ काढून फिल्टर धुता. तर जरूर घ्या! हौसेला मोल नसतं. फक्त तो खर्च धंद्याच्या वहीत ‘इंधन बचत’ म्हणून लिहू नका.

७. गॅरेज आणि ॲक्सेसरीवाल्या मित्रांसाठी

तुम्ही म्हणाल, “सर, आमचं मार्जिन मारताय तुम्ही.” ठीक आहे, आपण मार्जिनचंच बोलू.

एका फिल्टरवर समजा तुम्हाला हजार रुपये सुटले. दोन महिन्यांनी ग्राहकाने ॲव्हरेज मोजलं, फरक शून्य. तो भांडायला येत नाही. तो फक्त पुढच्या सर्व्हिसिंगला येत नाही. टायर, बॅटरी, क्लच, सगळं दुसरीकडे जातं. हजारासाठी कायमचं गिऱ्हाईक घालवलंत.

त्याऐवजी असं बोलून बघा: “दादा, तुमच्या गाडीला याची गरज नाही. ओरिजिनल कागदी टाकतो, पाचशेत काम होईल. टायरची हवा आणि अलाइनमेंट बघून घेऊ, ॲव्हरेज तिथे जातंय.” हा माणूस घरी जाऊन चार जणांना तुमचं नाव सांगेल.

या आठवड्यात करायची ४ कामं

१. गाडीचं मॅन्युअल काढा. एअर फिल्टर किती किलोमीटरला बदलायचा ते बघा. ‘धुळीच्या रस्त्यांसाठी’ वेगळी ओळ असते, आपण तीच धरायची.

२. बॉक्स उघडून फिल्टर बघा. काळाकुट्ट असेल तर बदला. जोरात हवा मारून तोच परत बसवू नका. त्याने कागदाला बारीक भोकं पडू शकतात.

३. बिलासह ओरिजिनल फिल्टर घ्या. शंभर रुपये वाचवायला डुप्लिकेट आणलात, तर वरचं सगळं वाचून उपयोग नाही.

४. उरलेले साडेचार हजार चाकांवर आणि वेळेवरच्या ऑइल बदलावर लावा.

शेवटी धंद्याचं एक वाक्य. खर्च करायच्या आधी विचारा: अडलंय नेमकं कुठे? जिथे अडलेलंच नाही, तिथे कितीही महागडा पार्ट लावला तरी गाडी पुढे जात नाही. उधारी अडकलेली असताना दुकानाला नवा बोर्ड लावणाऱ्यांनाही मी हेच सांगतो.

हिशेबाचा तक्ता व्हिडिओत फळ्यावर मांडून दाखवला आहे. तुमच्या गाडीचे आकडे घालून बघा आणि मगच खिशात हात घाला.