एक्स्पायरी डेट कुठाय?

गेल्या जुलैमधला रविवार. संध्याकाळी साडेसातला मैत्रिणीचा फोन. "अगं, तू लिहिलंयस शेवटची एसटी सव्वासातची म्हणून. इथले टपरीवाले काका म्हणतायत, ती आता साडेपाचलाच जाते!" सोबत तिची मावसबहीण, शूज चिखलाने भरलेले आणि वरून धो धो पाऊस. एका टेम्पोवाल्याच्या कृपेने दोघी रात्री अकराला घरी पोचल्या. झोप मात्र माझी उडाली. माहिती माझीच होती, फक्त दोन वर्षांपूर्वीची!

एका पोर्टलसाठी मी 'पावसाळी भटकंती' असा बॉक्स केला होता. होमपेजवर उजवीकडे, मस्त हिरवागार. दुसऱ्या दिवशी तिथल्या एडिटरना फोन लावला. ते म्हणाले, "अगं, तो बॉक्स आपण त्याच सप्टेंबरमध्ये काढला की!" खरंच काढला होता. पण लेख जिवंतच होता आणि लोक गूगलवरून थेट तिथे उतरत होते.

इथेच तर खरी गोम आहे, बॉस! जूमलासारख्या सिस्टिममध्ये होमपेजवरचा बॉक्स म्हणजे मॉड्यूल, नुसती खिडकी. लेख हा वेगळा प्राणी. मॉड्यूल 'अनपब्लिश' केलं की खिडकी बंद होते, घरातलं सामान तसंच राहतं. खरं तर मॉड्यूल आणि लेख, दोघांनाही सुरू व्हायची आणि संपायची तारीख देता येते. पण सुरुवातीची तारीख सगळे उत्साहाने भरतात, शेवटचा रकाना रिकामाच! वर्डप्रेसमध्ये पोस्ट पुढच्या तारखेला लावून ठेवता येते, पण ती आपोआप उतरवायची सोय मूळ पॅकेजमध्ये नाही, त्यासाठी वेगळं प्लगइन लागतं. म्हणजे बारसं धूमधडाक्यात, पुढचं रामभरोसे.

मग जुनं सगळं उडवून टाकायचं? तसंही नाही. याहूने २००९ मध्ये अमेरिकेतलं जिओसिटीज बंद केलं, तेव्हा लोकांनी हौसेने बनवलेली लाखो पानं जाणार होती. इंटरनेट आर्काइव्ह आणि काही हौशी मंडळींनी धावपळ करून त्यातली बरीच वाचवली. कालचं पान आज चुकीचं असलं, तरी कालचा पुरावा म्हणून त्याला किंमत असतेच.

मधला रस्ता मला आवडला तो ब्रिटिश सरकारच्या 'गव्ह डॉट यूके'चा. जुनी माहिती मागे घेतली तरी पान तिथेच ठेवायचं, फक्त वर ठळक पट्टी लावायची: हे मागे घेतलंय, अमुक तारखेला, अमुक कारणाने. सिंपल! पान दुसरीकडे हलवलं असेल तर ३०१चा रीडायरेक्ट द्यायचा. कायमचं काढलं असेल तर ४१०, म्हणजे 'गेलं, आता शोधू नका'. नुसता ४०४ दिला, तर समोरच्याला कळतच नाही की पत्ता चुकला की घर पडलं.

म्हणून आता कुठलंही काम घेताना मी तीन प्रश्न विचारते. याचा मालक कोण? पुन्हा कधी तपासायचं? आणि मुदत संपली की हे जाणार कुठे? उत्तरं एक्सेल शीटमध्ये. मालक म्हणून ट्रेनीचं नाव नको, पदाचं हवं, कारण ट्रेनी सहा महिन्यांत जॉब बदलतो!

तुम्ही पोर्टलवाले नसाल तरी सुटका नाही. ऑफिसच्या इंट्रानेटवर सुट्ट्यांची यादी उघडून बघा, कुठल्या वर्षाची आहे ती. ट्रॅव्हल पॉलिसीच्या दोन आवृत्त्या सापडल्या, तर क्लेम भरण्याआधी एचआरला गाठा.

माझ्या लेखावर आता पिवळी पट्टी आहे. मैत्रिणीने मला माफही केलंय. फक्त हल्ली ती माझं काहीही वाचताना आधी तारीख बघते, मग नाव.