नियम सांगितला, गोष्ट राहिली



एमी टॅन यांची ‘द जॉय लक क्लब’ ही कादंबरी नुकतीच वाचली. १९८९ साली प्रसिद्ध झालेली. चीनमधून सॅन फ्रान्सिस्कोला येऊन राहिलेल्या चार आया आणि तिकडेच वाढलेल्या त्यांच्या चार मुली, अशी ही कथा. त्यातलं खाणंपिणं आपल्याला रुचणारं नाही. तरी पुस्तक खाली ठेववलं नाही.

सुयुआन ही त्यातली एक आई. जपानी सैन्य येतंय म्हणून ती दोन जुळ्या तान्ह्या मुलींना घेऊन पायी निघते. वाटेत आजारी पडते. आता आपण जगत नाही असं वाटून दागिने, पैसे मुलींजवळ ठेवते आणि त्यांना रस्त्याकडेला सोडते. पुढे ती वाचते, अमेरिकेत संसार करते आणि गुपचूप पत्रं लिहून मुलींना शोधत राहते. तिकडे जन्मलेल्या जूनला मात्र आई आठवते ती पियानोला जबरदस्तीनं बसवणारी.

सुयुआन जाते आणि मग त्या मुलींचा पत्ता लागतो. आईच्या मैत्रिणी जूनला म्हणतात, चीनला जा, बहिणींना आईबद्दल सांग. जून गोंधळते. मी काय सांगणार, मला आई कुठे माहीत आहे? ते ऐकून त्या सगळ्या घाबरतात. आपल्या मुलींनाही आपण माहीत नाही, हे त्यांना तिथं कळतं.

मीही घाबरले. गेल्या वर्षी माझ्या मुलीनं वसतिगृहातून फोनवर विचारलं होतं, “आई, बटाटा का नको गं?” मी म्हटलं, “आपल्यात चालत नाही.” हे काय उत्तर झालं? कंदात अनंत जीव असतात, तो उपटला की सगळं रोपच मरतं, एवढंही मी सांगितलं नाही. माझी आजी दिवसभर मळ्यात खुरपणी करून दिवस मावळायच्या आत सगळ्या घराला जेवायला घालायची, तेही नाही. मुलीकडे नियम पोचला, आजी पोचलीच नाही.

कादंबरीतलं सगळंच मला पटलं असं नाही. ॲन-मेची आई मरणाला टेकलेल्या स्वतःच्या आईसाठी दंडाचं मांस कापून सूपमध्ये घालते. ॲन-मेला ही आईवरची खरी भक्ती वाटते. मला ती मान्य नाही. स्वतःच्या देहाला इजा करणं हीही हिंसाच. कुणी म्हणेल, तुम्ही उपासांनी देह कष्टवता ते काय? पण आपल्याकडे ‘शक्तितस्तप’ म्हटलंय, झेपेल तेवढंच, आणि तेही कषाय कमी व्हावेत म्हणून.

पण ॲन-मेनं ती गोष्ट सांगितली, म्हणून तर मला ‘पटत नाही’ म्हणता आलं. न सांगितलेल्या गोष्टीशी मुलगी वाद तरी कसा घालणार? ती फक्त तोंड फिरवते. कारण सांगितलं तर ती कदाचित नाही म्हणेल, ही भीती मलाही आहे. तरी विचार करून दिलेला नकार मला बरा वाटतो, कारण निदान आमचं बोलणं सुरू राहतं. शिवाय आंधळेपणानं पाळलेल्या नियमाला आपण सम्यक कसं म्हणायचं?

एमी टॅन यांच्या स्वतःच्या आईच्याही मुली चीनमध्ये राहिल्या होत्या. १९८७ साली आईबरोबर जाऊन त्या आपल्या बहिणींना भेटल्या. आई हयात असताना त्यांना हे जमलं. जूनला जमलं नाही.

माझी मुलगी दशलक्षणात घरी येणार आहे. ताट वाढताना या वेळी मी तिला आजीबद्दल सांगणार आहे. बटाट्याचं तिनं विचारलं तर तेही, नीट.