काटकसर आणि कंजूषपणा

पूर्वी वऱ्हाडातील शेतकरी कापूस वेचून झाल्यावर पऱ्हाट्याही वाया जाऊ देत नसे. त्या सरपण म्हणून चुलीला लागत. विरलेल्या लुगड्यांची गोधडी होई, चुलीतील राखेने भांडी लखलखत आणि रात्रीची उरलेली भाकरी सकाळी कुस्करून ताकाबरोबर खाल्ली जाई. अशा काटकसरीला काही जण कंजूषपणा म्हणतात. पण तो समज बरोबर नाही. कंजूष मनुष्याने साठविलेले धन कोणाच्याच उपयोगी पडत नाही. काटकसरीने वाचविलेले मात्र कोणाच्या तरी कामी येते.

हा भेद गाडगेबाबांच्या चरित्रात स्पष्ट दिसतो. १८७६ साली अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे जन्मलेले बाबा अकोला जिल्ह्यातील दापुरे येथे मामांकडे गुरे राखीत वाढले. पुढे अंगावर चिंध्या, हाती खराटा आणि मातीचे गाडगे, एवढाच त्यांचा संसार होता. परंतु लोकांनी दिलेल्या पैशांतून त्यांनी पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे यात्रेकरूंसाठी धर्मशाळा उभारल्या. ऋण काढून सण करू नका, मुलांना शाळेत घाला, असे ते कीर्तनातून कळकळीने सांगत. १९५६ साली ते निवर्तले. कर्ज काढून लग्नाचा थाट करण्याची रीत मात्र अजून संपलेली नाही.

जुन्या घरांतील गरिबी पुन्हा यावी, असे कोणीही म्हणणार नाही. अभावात काटकसर सर्वांनाच करावी लागते. घरात पुरेसे असतानाही जो जपून वापरतो आणि वाचलेले गरजूंना देतो, तोच पूर्वजांचा खरा वारस होय.