पावसाळी डोंगर आणि परत फिरण्याची विद्या

मृग नक्षत्र लागून पंधरवडा लोटला कीं शहरांतील पुष्कळ घरांतून एक ठराविक वाद सुरू होतो. कॉलेजांत जाणाऱ्या मुलामुलींस येत्या रविवारीं हरिश्चंद्रगडावर किंवा राजमाचीस जावयाचें असतें. वडील मंडळींस वर्तमानपत्रांतील अपघाताची बातमी आठवते. एकीकडे हट्ट, दुसरीकडे नकार. बहुधा हट्टच जिंकतो, आणि मुलें अर्धवट तयारीनें, क्वचित् न सांगतांहि, निघून जातात. गिरिभ्रमणासारखा निकोप छंद तरुणांस लागावा, याबद्दल आम्हांस आनंदच वाटतो. म्हणूनच त्यांतील धोक्यांचा विचार नकार देण्यासाठीं न करितां पूर्वतयारीसाठीं करावा, असें आमचें मत आहे.

आपला सह्याद्रि हिमालयाच्या मानानें ठेंगणा. महाराष्ट्रांतील सर्वांत उंच शिखर जें कळसूबाई, तें १६४६ मीटरच भरतें. ‘एवढ्याशा डोंगरांत काय व्हावयाचें आहे?’ ही समजूत त्यामुळेंच रूढ झाली आहे. परंतु पावसाळ्यांत येथें जीव जातो तो उंचीमुळें क्वचित्. पाणी, निसरडा कातळ, धुकें, दरड आणि वीज हींच त्याचीं कारणें होत.

प्रथम पाण्याचा विचार करूं. वरच्या पठारावर कोसळलेली सर खालीं ओढ्याकांठीं उभ्या असलेल्या माणसास दिसत नाहीं. दिसतो तो एकदम आलेला लोंढा. ३० जून २०२४ रोजीं लोणावळ्यास भुशी धरणानजीकच्या धबधब्यांत एकाच कुटुंबांतील पांच माणसें वाहून गेलीं, हें वाचकांस स्मरत असेल. पाणी गढूळ होऊं लागलें, पालापाचोळा व काटक्या वाहून येऊं लागल्या किंवा प्रवाहाचा आवाज वाढला, कीं तत्काळ कांठ सोडून उंचावर जावें. गुडघाभर वेगवान पाणीहि धडधाकट माणसाचे पाय उचलतें. डोंगरी ओढा जितक्या लौकर चढतो तितक्याच लौकर बहुधा उतरतो. तेव्हां पलीकडे जाण्याची घाई न करितां अलीकडेच थांबावें. घरीं पोहोंचण्यास रात्र झाली तरी चालेल.

माळीण गांवावर ३० जुलै २०१४ रोजीं व इर्शाळवाडीवर १९ जुलै २०२३ च्या रात्रीं दरड कोसळली. दोन्ही ठिकाणीं मुसळधार पावसानें भिजलेला उतार खालीं आला होता. कांहीं दिवस संततधार लागली असतां तीव्र उताराखालीं मुक्काम ठोकूं नये, हा धडा गिर्यारोहकांनींहि त्यांतून घ्यावा.

विजेबद्दल मात्र आपल्याकडे फार गैरसमज आहेत. आषाढांतील संततधारेपेक्षां वैशाख-ज्येष्ठांतील वळीव आणि परतीचा पाऊस यांत गडगडाट अधिक असतो, व तो बहुधा दुपारनंतरचा. म्हणून त्या दिवसांत पहांटे निघून मध्यान्हापूर्वीं माथा सोडावा. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकूं येईपर्यंत सेकंद मोजावे. दर तीन सेकंदांस सुमारें एक किलोमीटर अंतर धरावें. तीस सेकंदांच्या आंत आवाज आला, तर वादळ दहा किलोमीटरांच्या आंत आलें असें समजून लगेच खालीं उतरावें, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास पुन्हां वर चढूं नये. एकटें झाड, डोंगराची धार, बुरूज व ध्वजस्तंभ टाळावे. लोखंडी शिड्या व कठडे यांपासूनहि दूर राहावें. उथळ गुहेच्या तोंडाशीं दाटीवाटीनें उभें राहणें धोक्याचें असतें. मंडळींनीं एकमेकांपासून अंतर ठेवावें. वीज पडलेल्या माणसास शिवल्यास आपणांस धक्का बसतो, ही समजूत निखालस खोटी आहे. त्याचा श्वास थांबला असल्यास विलंब न लावतां छातीवर दाब देण्याचा व कृत्रिम श्वासाचा उपचार सुरू करावा. अशा रीतीनें माणसें वांचतात.

चौथा शत्रु गारठा. हजार मीटर चढल्यावर उष्णतामान सुमारें साडेसहा अंशांनीं उतरतें. त्यांत ओले सुती कपडे आणि वारा यांची भर पडते. शरीराची उष्णता ३५ अंशांच्या खालीं गेली म्हणजे माणूस थरथरतो, बोलतांना अडखळतो, ठेंचाळतो. सोबत्यांनीं त्याची थट्टा करूं नये. ओले कपडे काढून कोरडे घालावे, पांघरूण द्यावें व तो शुद्धीवर असल्यास कांहीं गरम व गोड पाजावें.

आतां घरच्या मंडळींचें कर्तव्य. आदल्या दिवशीं हवामानखात्याचा इशारा पाहावा. तांबड्या रंगाचा इशारा असेल त्या दिवशीं बेत रद्द करावा. नारिंगी असल्यास किल्ल्याचा व धबधब्याचा नाद सोडावा. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनें सिद्ध केलेलें ‘दामिनी’ हें साधन भ्रमणध्वनीवर विजेची सूचना देतें. तथापि दऱ्याखोऱ्यांत संपर्क तुटतो. तेव्हां पायथ्याच्या गांवकऱ्यानें ‘आज वर जाऊं नका’ म्हटलें तर तो शब्द प्रमाण मानावा. कोणत्या गांवाहून, कोणत्या वाटेनें, किती जण व किती वाजेपर्यंत परत, हें कागदावर लिहून घरीं ठेवावें. ती वेळ टळून बराच काळ लोटल्यास ११२ या क्रमांकावर कळवावें.

यापेक्षांहि महत्त्वाची एक गोष्ट आहे. आरंभिलेलें काम अर्धवट टाकूं नये, असें आपण मुलांस लहानपणापासून शिकवितों. अभ्यासांत ही शिकवण योग्यच. परंतु वादळी डोंगरावर तीच घातक होते. अर्ध्या वाटेवरून परतलेल्या मुलास ‘मग गेलास कशाला?’ असें विचारणाऱ्या घरांतील मूल पुढच्या वेळीं परत फिरत नाहीं. माथा न गांठतां सुखरूप आलेल्या मुलामुलींस कोरडा पंचा व गरम चहा द्यावा, आणि त्यांनीं केलें तें शहाणपणाचें केलें, असें स्पष्ट शब्दांत सांगावें. गड कोठें जात नाहीं. पुढच्या रविवारींहि तो तेथेंच असतो.