‘श्रेष्ठ’ आणि ‘पात्र’

स्पर्धेत जागा कोणाला मिळावी, या प्रश्नाची दोन उत्तरे संभवतात. जो श्रेष्ठ आहे त्याला, हे एक. ज्याने ती कमावली आहे त्याला, हे दुसरे. ही दोन्ही उत्तरे एकच आहेत असे मानणाऱ्यांनी अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉलच्या बाद फेरीचा इतिहास अवश्य पाहावा. साहित्याच्या अध्यापकांना या खेळाशी काय कर्तव्य, असे कोणी विचारील. परंतु येथे वाद चालला आहे तो मूल्यमापनाच्या निकषांचा, आणि तो तर आपला नित्याचा व्यवहार आहे.

प्रथम थोडी पार्श्वभूमी. अमेरिकेत ज्याला फुटबॉल म्हणतात तो आपल्याकडचा, पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. तेथे वरच्या श्रेणीत विद्यापीठांचे एकशे तीसहून अधिक संघ आहेत आणि नियमित हंगामात प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम बारा सामने येतात. बहुतेक संघांची एकमेकांशी गाठच पडत नाही. म्हणून केवळ गुणतक्त्यावर निवड करणे अशक्य, हे आम्हांस मान्य आहे. 2014 च्या हंगामापासून तेरा सदस्यांची समिती ही निवड करते. आरंभी चार संघांची, 2024 पासून बारांची. प्रतिस्पर्ध्यांचे बळ, परस्परांतील सामन्याचा निकाल, आपापल्या विभागीय संघटनेचे विजेतेपद, सामाईक प्रतिस्पर्ध्यांविरुद्धची कामगिरी हे तिचे निकष. यांतील प्रत्येक निकष घडून गेलेल्या गोष्टीकडे पाहतो, म्हणून त्यांविषयी आमची तक्रार नाही. तक्रार आहे ती त्यांच्या जोडीला ठेवलेल्या एका तरतुदीविषयी. एखादा महत्त्वाचा खेळाडू उपलब्ध नसेल आणि त्याचा परिणाम पुढील सामन्यांवर होण्याचा संभव असेल, तर समिती तेही विचारात घेऊ शकते. म्हणजे परीक्षकाला भविष्य वर्तवण्याची मुभा आहे.

या मुभेचे फळ 2023 साली दिसले. फ्लोरिडा स्टेटने तेराच्या तेरा सामने जिंकले, आपल्या संघटनेचे विजेतेपद मिळवले, आणि तरीही चार संघांत त्याला जागा मिळाली नाही. प्रबळ मानल्या जाणाऱ्या संघटनेचा अपराजित विजेता वगळला जाण्याची ही पहिलीच वेळ. कारण काय, तर त्याचा क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमणाची सूत्रे हाती असणारा खेळाडू, जॉर्डन ट्रॅव्हिस नोव्हेंबरात जायबंदी झाला होता. त्याच्याविना संघाने पुढचे दोन्ही सामने जिंकले. परंतु समितीला ते पुरेसे ‘श्रेष्ठ’ वाटले नाहीत. एक सामना हरलेल्या अलाबामाला चौथी जागा मिळाली.

समितीचे समर्थक लगेच म्हणतात, पुढे ऑरेंज बोलच्या सामन्यात जॉर्जियाने याच संघाचा 63-3 असा धुव्वा उडवला, तो पाहा. हा युक्तिवाद आम्हांस अत्यंत फसवा वाटतो. ज्या संघाची जागा हिरावून घेतली त्याचे अनेक खेळाडू त्या सामन्यात उतरलेच नाहीत. निर्णयाने जे घडवले तेच निर्णयाचा पुरावा म्हणून पुढे करणे याला तर्कशास्त्रात चक्रक दोष म्हणतात. शिवाय भाकितावरच भिस्त ठेवायची, तर 2014 चे काय करायचे? तेव्हा ओहायो स्टेटचे पहिले दोन्ही क्वार्टरबॅक जायबंदी होते. तिसऱ्याने, कार्डेल जोन्सने, विस्कॉन्सिनविरुद्ध 59-0 असा विजय मिळवून दिला, संघाला चौथी जागा मिळाली आणि त्याने अजिंक्यपदही पटकावले. तेव्हा जी दुखापत आड आली नाही ती नऊ वर्षांनी आड आली. अंतर एवढेच की एक विजय डोळे दिपवणारा होता आणि दुसरा 16-6 असा, बचावाच्या बळावर कष्टाने मिळवलेला.

प्रतिष्ठेचा प्रश्नही याच्याशीच निगडित आहे. 2017 साली सेंट्रल फ्लोरिडा अपराजित राहिला, पण दुबळ्यांना हरवले म्हणून समितीने त्याला बाराव्या क्रमांकावर बसवले. त्याने मग पीच बोलमध्ये ऑबर्नला 34-27 असे हरवले. आणि ऑबर्नने त्या हंगामात अलाबामा व जॉर्जिया या दोन्ही अंतिम फेरीतल्या संघांना एकेकदा नमवले होते. ज्याला पंक्तीत पानच वाढले जात नाही, त्याला ‘तू थोरांच्या पंक्तीला कधी बसलास?’ असे विचारणे हा न्याय नव्हे. नव्या लेखकाबाबत आपली नियतकालिके आणि पुरस्कार समित्या याहून वेगळे वागतात काय, हे वाचकांनी ठरवावे.

जागा बारा केल्याने वाद मिटला नाही, तो केवळ खाली सरकला. 2025 च्या ऑगस्टअखेरीस मायामीने नोत्र दामला 27-24 असे हरवले. दोघांचेही दहा विजय, दोन पराभव. तरी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत समिती नोत्र दामलाच वर ठेवत आली. अखेरच्या यादीत, त्या आठवड्यात दोघांपैकी कोणीही मैदानात उतरलेले नसताना, मायामी वर गेला आणि नोत्र दाम स्पर्धेबाहेर फेकला गेला. स्पष्टीकरण असे की मधला संघ घसरल्याने हे दोघे शेजारी आले आणि तेव्हा कुठे परस्परांतील सामना विचारात घेता आला! अंतिम निर्णय आमच्या मते योग्यच होता. परंतु जो पुरावा डिसेंबरात निर्णायक ठरतो तो नोव्हेंबरात कोठे गेला होता?

आमचे म्हणणे थोडक्यात असे. भाकिताची तरतूद रद्द व्हावी. प्रबळ-दुबळ असा भेद न करता अपराजित विजेत्याला जागा मिळालीच पाहिजे. प्रत्येक सदस्याचे मत आज गुप्त राहते. ते नावानिशी आणि लेखी कारणांसह प्रसिद्ध व्हावे. उत्तरपत्रिका तपासताना विद्यार्थी आजारी आहे, पुढच्या वर्षी त्याला कदाचित जमणार नाही, म्हणून आपण गुण कापत नाही. त्याने जे लिहिले तेच वाचतो. मैदानावर लिहिलेल्याला याहून वेगळा न्याय लावण्याचे कारण आम्हांस दिसत नाही.