उपदेशाच्या पोटी जन्मलेला दंडुका

दारुड्याला चावडीपुढच्या खांबाला बांधून चार फटके दिल्याखेरीज गाव सुधारणार नाही, असे मत आमच्या कानी वारंवार पडते. हे मत गुंडांचे नसून सज्जनांचे आहे. शाळामास्तर, भजनी मंडळातील वडीलधारे, रविवारचे प्रवचन मन लावून ऐकणारे प्रापंचिक असे बोलतात. ‘फादर, उपदेश पुष्कळ झाला, आता दंडुकाच हवा,’ असे ते म्हणतात; आणि उपदेश व दंडुका या परस्परविरुद्ध वस्तू आहेत, असे धरून चालतात. आमचे म्हणणे निराळे आहे. माणसावरचा विश्वास गमावलेल्या उपदेशाच्याच पोटी दंडुका जन्मास येतो. हे विधान कोणास धाडसाचे वाटेल, म्हणून वाचकांस प्रथम प्राचीन चीनमध्ये नेतो.

कुंग फू-त्सू (इ.स.पू. 551–479) या चिनी आचार्यास ‘कन्फ्यूशियस’ हे लॅटिन वळणाचे नाव येशूसंघीय धर्मगुरूंनी दिले. राज्यकर्त्याने आधी स्वतः सदाचारी व्हावे, अशी त्याची शिकवण होती. नुसत्या शिक्षेच्या धाकाने लोक पळवाटा शोधतात आणि निर्लज्ज होतात. सदाचार व रीतिमर्यादा यांनी मात्र त्यांचे मन सुधारते, असे तो मानी. पुढे इ.स.पू. तिसऱ्या शतकात, चीनमधील राज्ये आपापसांत लढत असता, त्याच परंपरेतील शुन्त्झु या आचार्याने मनुष्याचा स्वभाव मुळात वाईट असल्याचे प्रतिपादन केले. वाकडे लाकूड वाफवून, दाबून सरळ करावे लागते, तसा माणूस गुरू आणि रीतिमर्यादा यांनीच सरळ होतो. मात्र रस्त्यावरचा कोणताही माणूस प्रयत्नाने साधू होऊ शकतो, ही आशा त्याने सोडली नव्हती.

त्याचे दोन शिष्य हान फेई आणि ली सी. त्यांनी गुरूचे निदान तेवढे घेतले आणि औषध फेकून दिले. स्वभावच वाईट, तर साधू घडण्याची वाट कशाला पाहावी? बक्षिसाचे आमिष आणि शिक्षेची दहशत पुरे! कायदा व दंड यांवर राज्य उभारू पाहणाऱ्या या पंथास विधिवादी म्हणतात. हा विचार त्यांच्या आधीही होता. छिन राज्यात शांग यांगने शेजाऱ्याच्या गुन्ह्याबद्दल शेजाऱ्यास शिक्षा करण्याची पद्धत पूर्वीच घातली होती. परंतु त्या विचारास पक्की तात्त्विक बैठक दिली ती हान फेईने, कन्फ्यूशियसच्या परंपरेत शिकलेल्या शिष्याने.

परिणाम काय झाला? इ.स.पू. 221 मध्ये छिनच्या राजाने सारा चीन एका छत्राखाली आणला. इ.स.पू. 213 मध्ये ली सीच्या सल्ल्याने ग्रंथ जाळले गेले. हान फेई त्याआधीच, इ.स.पू. 233 मध्ये, छिनच्या तुरुंगात मेला; ली सीला इ.स.पू. 208 मध्ये कंबरेतून कापून मारले; आणि इ.स.पू. 206 पर्यंत ते साम्राज्यही लयास गेले.

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. अण्णा हजारे 1975 मध्ये सैन्यातून राळेगणसिद्धीस परतले. स्वतःची पुंजी घालून त्यांनी यादवबाबांचे देऊळ दुरुस्त केले. हे कन्फ्यूशियसला आवडले असते. पुढे त्याच गावात दारू पिणाऱ्यांना खांबाला बांधून फटके मारण्यात आले, आणि अण्णांनी त्याचे जाहीर समर्थनही केले. उपदेशाचा धीर सुटला की काय होते, ते येथे दिसते. आम्ही विचारतो, राळेगण हिरवे कशाने झाले? फटक्यांनी की बांधबंदिस्तीने, शाळेने आणि शेकडो हातांच्या श्रमदानाने? फटक्याने पाणी जिरत नाही.

कोणी म्हणेल, हिवरे बाजारात तरी बंदीच होती. होती खरी. पोपटराव पवार 1989 मध्ये सरपंच झाल्यावर गावाने नशाबंदी, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी स्वीकारली. पण त्याच गावाने श्रमदानही स्वीकारले. आणि यंदा पाणी किती, पीक कोणते, याचा हिशेब ग्रामसभेत सर्वांसमोर मांडण्याचा परिपाठ घातला. स्वतः घाम गाळून, एकत्र बसून घातलेली मर्यादा ही रीत होय. दुसऱ्याच्या पाठीवर उमटवलेली मर्यादा हा केवळ दंड.

आम्ही कायद्याचे वैरी नाही. माहितीच्या अधिकाराचा कायदा, ज्यासाठी अण्णांनीच उपोषणे केली आणि जो 2005 मध्ये देशभर आला, तो खुर्चीवरल्यास जाब विचारतो. विधिवाद्यांचा कायदा खुर्चीस सोडून बाकी सर्वांना बांधीत असे. कायद्याची परीक्षा येथेच करावी: त्याचा धाक बळवंतास आहे की दुबळ्यास?

शेवटी एक गोष्ट स्वतःस उद्देशून. आम्ही उपदेश करणारे आहोत. ‘ही माणसे सुधारायची नाहीत’ असे वाक्य आमच्याही तोंडून थकल्या संध्याकाळी निघून गेले आहे. शुन्त्झुच्या शिष्यांची सुरुवात अशाच वाक्यापासून झाली. म्हणून मायबापहो, दंडुका मागण्याआधी त्या दारुड्याच्या उंबऱ्यावर आणखी एकदा जाऊ या. आम्ही तुमच्याबरोबर येतो.