एका जिलेबीवरून

परवा एका बारशात माझ्या भाचीच्या ताटातली एकुलती एक जिलेबी पाहून माझ्याच वयाच्या एक नातलग बाई सगळ्यांदेखत म्हणाल्या, "तोंडावर ताबा नाही, म्हणून तर पित्ताशयात खडे झाले!" चाळिशीतल्या पोरीने जिलेबी तशीच ठेवली. मी गप्प बसले, हे चुकलेच. म्हणून आज लिहिते आहे.

मी मराठीची शिक्षिका, विज्ञान माझा प्रांत नव्हे. पण पंधरा दिवस वाचते आहे. आपण तूपतेल खाल्ले की लहान आतड्यातून कोलेसिस्टोकायनिन नावाचे हार्मोन निघते. (नाव पाठ व्हायला मला दोन दिवस लागले!) पित्ताशयावरच्या रिसेप्टरवर ते कुलपात किल्लीसारखे बसते, मग पित्ताशय आकुंचन पावून पित्त सोडते. तसलेच कुलूप मेंदूकडे जाणाऱ्या व्हेगस नसेवरही असते. तिथला निरोप एवढाच, की 'आता पुरे'. कुलूपच बिघडले तर? पित्त साचते आणि 'पुरे' ऐकूच येत नाही. जपानमधल्या उंदरांच्या एका वाणात हा रिसेप्टर जन्मतःच नसतो. ते खातच राहतात, लठ्ठ होतात. १९९५ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी खडे आणि लठ्ठपणा दोन्ही असलेल्या एका रुग्णात याच रिसेप्टरच्या जनुकाची प्रत चुकीची निघत असल्याचे नोंदवले. त्या माणसाला काय म्हणणार, हावरट?

म्हणजे सगळे जनुकांवर ढकलायचे का? मुळीच नाही. स्वीडनमधल्या ४३ हजारांवर जुळ्यांच्या जोड्यांच्या अभ्यासात (२००५) खड्यांच्या त्रासात आनुवंशिकतेचा वाटा सुमारे २५ टक्केच निघाला. भाचीच्या जनुकांत काय आहे, ते कोणी तपासलेले नाही. पण उरलेले सगळे जिलेबीचे, असेही नाही. वय, बाईपण, बाळंतपणे यांचाही वाटा असतो. आणि उपासमारीचासुद्धा!

असल्याच टोमण्यांना कंटाळून तिने चार महिने जवळजवळ उपाशी राहून अठरा किलो उतरवले होते. तेव्हा याच मंडळींनी पाठ थोपटली. वजन झपाट्याने उतरले की यकृत पित्तात जास्त कोलेस्टेरॉल सोडते, आणि पोटात स्निग्ध काही गेलेच नाही तर तो निरोपही नीट निघत नाही, पित्त तसेच तुंबून राहते. त्याआधीच्या सोनोग्राफीत खडे नव्हते, नंतरच्या सोनोग्राफीत दिसले. आता सांगा, कशाने झाले?

असो. त्या बाई ब्लॉग वाचत नाहीत, पण त्यांची नातवंडे वाचतात. भाचीचे ऑपरेशन पुढच्या मंगळवारी आहे. भेटायला जरूर या, फक्त तिच्या वजनाचा विषय काढू नका.